पोटरीत गोळा येतो? आधी पायाची नाडी पाहा

घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. या भागात प्रॅक्टिस करताना एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की माझे निम्मे रुग्ण मुळात मुंबईचे नाहीत. कोणी साताऱ्याकडचा, कोणी सांगलीचा, कोणी कोकणातला. त्यांचे आईवडील गावी असतात आणि दुखणे अंगावर काढून काढून अगदीच असह्य झाले की मुलाकडे मुंबईला येतात. त्यामुळे घाटकोपरात बसून मी जे आजार पाहतो, ते बहुतेक वेळा तुमच्याआमच्या गावातलेच आजार असतात. फक्त ते माझ्यापर्यंत जरा उशिरा पोहोचतात.

आज ज्या आजाराबद्दल लिहायचे आहे, त्यात हा उशीर फार महाग पडतो. त्याची किंमत पायाने मोजावी लागते. आणि या उशिराला नेहमी रुग्णच कारणीभूत असतो असेही नाही. कधी कधी डॉक्टरही असतो. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातले एक गृहस्थ माझ्याकडे येऊ लागले. सगळे त्यांना आबा म्हणत. वय चौसष्ट. उभे आयुष्य माथाडी कामगार म्हणून पोती वाहिलेली. पंधराव्या वर्षापासून बिडी, आणि दहा वर्षांपासून मधुमेह. राहायला टेकडीवर, जिन्यासारख्या चढाच्या गल्लीत.

‘‘डाक्टर, चालाय लागलं की डाव्या पोटरीत गोळा येतोय. घटकाभर थांबलं की जातोय बघा. परत चाललं की परत येतोय.’’

हे वाक्य मी ऐकले, पण नीट ऐकले नाही. समोर पंधरा रुग्ण बसलेले. ओझी वाहिलेला माणूस, म्हणजे कमरेचे दुखणे असणार, असे मनाशी ठरवून टाकले. कमरेचा एक्स-रे काढला. त्यात मणक्यांची झीज दिसली. साठीनंतर कोणाचाही एक्स-रे काढला तरी ती दिसतेच. मग वेदनाशामक गोळ्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने आणि कमरेचा पट्टा असे जवळजवळ तीन महिने चालले. आबांचा गोळा होता तिथेच. उलट, पूर्वी टेकडीच्या पायथ्यापर्यंत सलग येणारा माणूस आता वाटेत दोनदा थांबू लागला. थांबायची लाज वाटे म्हणून पेपरच्या स्टॉलजवळ मथळे वाचल्यासारखे करत उभे राहत. हे मला पुढे त्यांनीच सांगितले.

एके दिवशी त्यांच्या पत्नी सोबत आल्या. म्हणाल्या, ‘‘हे रात्रभर झोपत न्हाईत. पाय खाटेखाली सोडून बसत्यात. खाली सोडला की बरं वाटतंय म्हणत्यात.’’

तेव्हा कुठे मी आबांना चप्पल काढायला सांगितली. करंगळीवर चपलेने चावल्याची जखम होती. पंधरा दिवस झाले तरी भरली नव्हती आणि कडेने काळी पडू लागली होती. पाऊल गार. पावलावर नाडी लागेना. घोट्यामागे लागेना. गुडघ्यामागेही लागेना. जांघेत मात्र ठणठणीत लागत होती. म्हणजे मांडीतली रक्तवाहिनी कुठेतरी बंद झाली होती. हे निदान करायला मला यंत्र लागले नाही, दोन बोटे आणि एक मिनिट लागले. ते मिनिट मी तीन महिने आधी दिले नव्हते.

आबांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. पाय वाचला. करंगळी गेली. ती करंगळी माझ्या हिशेबातली आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

दुखते ते स्नायूला भूक लागते म्हणून

हृदयातून निघालेली महारोहिणी पोटात बेंबीच्या पातळीवर दोन शाखांत विभागते. एकेक शाखा जांघेतून मांडीत उतरते, गुडघ्यामागून जाते आणि पुढे तिचे तीन फाटे होऊन पोटरी व पावलाला रक्त पुरवतात. या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचे आणि चुन्याचे थर साचत जातात. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची चार मुख्य कारणे. पायाच्या बाबतीत तंबाखू आणि मधुमेह हे सर्वांत मोठे गुन्हेगार.

आता प्रश्न असा की, वाहिनी अरुंद झाली तर पाय सतत का दुखत नाही? चालतानाच का दुखतो? याचे उत्तर टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्याला लगेच समजते. रात्री खालचे सगळे नळ बंद असले की जुन्या, गंजलेल्या पाइपातूनही वरच्या घरात बारीक धार येते. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वर थेंबही चढत नाही. पायाचे तसेच आहे. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडेसे रक्त पुरते. चालू लागला की त्याच स्नायूंना कित्येक पट जास्त रक्त हवे असते. अरुंद वाहिनी ते देऊ शकत नाही. उपाशी स्नायू गोळा आणून तक्रार करतो. माणूस थांबला की मागणी कमी होते, दोन-पाच मिनिटांत दुखणे जाते. पुन्हा चालला की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा येते.

वैद्यकीय भाषेत याला इंटरमिटंट क्लॉडिकेशन म्हणतात. अर्थ साधाच आहे, थांबून थांबून लंगडणे. युरोपात काही ठिकाणी याला दुकानांच्या काचा पाहण्याचा आजार असे गमतीचे नाव आहे, कारण तिथले रुग्ण थांबण्यासाठी दुकानासमोर उभे राहतात. आमचे आबा पेपरच्या स्टॉलसमोर उभे राहत, एवढाच फरक.

प्रत्येक पायदुखी रक्तवाहिनीची नसते

हे वाचून प्रत्येकाने घाबरून जाऊ नये. पाय दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि थोडे लक्ष दिले तर फरक ओळखता येतो.

गुडघ्याच्या झिजेत दुखणे सांध्यात असते. उठताना, जिना उतरताना पहिल्या काही पावलांत ते जास्त जाणवते. कमरेच्या मणक्यात नसा दाबल्या गेल्या असतील तरीही चालताना पाय भरून येतात, पण नुसते उभे राहून आराम पडत नाही. बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. अशुद्ध रक्ताच्या नीला फुगल्या असतील तर बराच वेळ उभे राहिल्यावर पाय जड होतो, सुजतो आणि पाय वर ठेवला की बरे वाटते. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाचे नेमके उलटे असते. तो वर ठेवला की जास्त दुखतो आणि खाली सोडला की बरे वाटते. मधुमेहात नसा खराब झाल्या असतील तर तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, आणि त्याचा चालण्याशी फारसा संबंध नसतो.

थोडक्यात खूण ध्यानात ठेवावी. चालल्यावर दुखते, नुसते उभे राहिल्यावर थांबते, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर येते. असे दुखणे वयाचे किंवा वाताचे म्हणून सोडून देऊ नये.

मधुमेही वाचकांना मात्र वेगळा इशारा. पायाची संवेदनाच गेली असेल तर हा गोळा जाणवणारही नाही. जो माणूस मुळात फारसा चालतच नाही, त्यालाही जाणवणार नाही. अशांना पहिली सूचना मिळते ती न भरणाऱ्या जखमेतून. म्हणून मधुमेह्याने रोज रात्री दोन्ही पावले, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणाला पाहायला सांगावे.

नाडी कशी पाहावी?

पावलावर दोन जागा आहेत. पहिली पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधून घोट्याकडे सरळ रेष ओढली तर तिच्या साधारण मध्यावर. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे. तर्जनी आणि मधले बोट हलकेच ठेवावे, दाबू नये. दोन्ही पायांची तुलना करावी. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून एक सापडली नाही तर लगेच घाबरू नये. घोट्यामागची पाहावी. दोन्ही लागत नसतील, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार असेल, नडगीवरचे केस गेले असतील, कातडी चकचकीत झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि डॉक्टरांनी पाय पाहिला नाही, तर चप्पल-मोजे काढून आपणच पाय पुढे करावा. यात संकोच कसला?

पुढची तपासणीही सोपी आहे. दंडावरचा रक्तदाब आणि घोट्यावरचा रक्तदाब एका छोट्या डॉप्लर यंत्राच्या मदतीने मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येते. ०.९ किंवा त्याहून कमी आले तर रक्तवाहिनी अरुंद आहे असे समजतात. समजा दंडावर १४० आहे आणि घोट्यावर ७०, तर उत्तर ०.५ येते, म्हणजे आजार बराच पुढे गेला आहे. मधुमेहात रोहिण्या चुन्यामुळे कडक होतात आणि हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. त्यानंतर गरजेप्रमाणे रंगीत डॉप्लर सोनोग्राफी, आणि उपचार करायचे ठरले तर अँजिओग्राफी.

फुग्याची जन्मकथा

अँजिओप्लास्टी म्हटले की आपल्याला हृदय आठवते. पण हा उपचार जन्मला तो पायासाठी, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजी तज्ज्ञाकडे ८२ वर्षांची एक वृद्धा होती. पाय सडू लागलेला. शल्यचिकित्सकांनी पाय कापायचा सल्ला दिला होता आणि बाई काही केल्या तयार होत नव्हत्या. डॉटर यांनी तिच्या मांडीतल्या अरुंद रोहिणीतून आधी तार सरकवली आणि त्या तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालून वाट रुंद केली. गार पडलेले पाऊल ऊबदार झाले. पाय कापावा लागला नाही, आणि पुढे अखेरपर्यंत ती बाई स्वतःच्या दोन पायांवर चालली.

फुगा आला तो दहा वर्षांनी. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग या तरुण डॉक्टरने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून नळीच्या टोकाला बसेल असा लांबट फुगा तयार केला. १९७४ मध्ये त्यांनी तो प्रथम पायाच्या रोहिणीत वापरला. हृदयाच्या रोहिणीत तो गेला तो सप्टेंबर १९७७ मध्ये. म्हणजे हृदयाआधी पायाने हा मान मिळवला होता. आपल्याकडे मात्र छातीत दुखले की माणूस धावत दवाखान्यात जातो आणि पाय दुखला की तेल चोळतो.

फुगा घालतात म्हणजे काय करतात?

‘‘चरबी खरवडून काढतात का?’’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. साध्या फुग्याने काही काढत नाहीत. साचलेला थर वाहिनीच्या भिंतीकडे दाबून मधली वाट मोकळी करतात.

रुग्णाला कॅथलॅबमध्ये टेबलावर झोपवतात. सहसा पूर्ण भूल देत नाहीत. जांघेत जागा बधिर करण्यापुरते इंजेक्शन देतात, तेथील रोहिणीत सुईने छिद्र करून एक लहान नळी बसवतात. तिच्यातून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडले की पडद्यावर रक्तवाहिन्यांचा नकाशा उमटतो आणि अडथळा कुठे, किती लांब, हे दिसते. मग केसासारखी बारीक तार त्या अडथळ्यातून पलीकडे नेतात. सर्वांत कौशल्याचे काम हेच. तार पलीकडे गेली की तिच्यावरून मिटलेला फुगा नेमक्या जागी नेऊन फुगवतात. मांडीतला फुगा साधारण चार ते सहा मिलिमीटर जाडीचा असतो, गुडघ्याखालचा दोन ते तीन. तो एक ते तीन मिनिटे फुगवलेला ठेवतात. त्या वेळी पायात ताण जाणवतो. फुगा रिकामा करून बाहेर काढतात आणि पुन्हा औषध सोडून वाट मोकळी झाली का ते पाहतात.

वाट पुन्हा आक्रसते आहे असे दिसले तर धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. गुडघ्यासारख्या वाकणाऱ्या जागी जाळी मोडण्याची भीती असते, म्हणून तेथे शक्यतो टाळतात. काही फुग्यांवर वाहिनी पुन्हा बुजू नये म्हणून औषधाचा लेप असतो. काम झाल्यावर जांघेतील जागा दाबून धरतात, काही तास पाय सरळ ठेवून झोपावे लागते आणि पायाला जखम नसेल तर रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

धोके नाहीत असे नाही. जांघेत रक्त साकळते, वाहिनीचे अस्तर फाटू शकते, थराचा तुकडा सुटून खाली अडकू शकतो. क्ष-किरणांसाठी सोडलेल्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण पडतो, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनीन तपासतात. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या अशा ज्या ज्या गोळ्या चालू असतील, त्या सर्वांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. ऍलर्जी असेल तर न विचारता सांगावी.

फुगा कोणाला, आणि कोणाला नाही?

ज्याचा पाय फक्त अर्धा-एक किलोमीटर चालल्यावर दुखतो आणि रोजची कामे होतात, त्याने फुग्याची घाई करू नये. अशा रुग्णांपैकी फार थोड्यांवर पाय गमावण्याची वेळ येते. त्यांचे पहिले औषध म्हणजे तंबाखू पूर्ण बंद करणे आणि दुसरे औषध चालणे. दुखते म्हणून चालणे सोडू नये. दुखेपर्यंत चालावे, बऱ्यापैकी दुखू लागले की थांबावे, दुखणे गेले की पुन्हा चालावे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, निदान तीन महिने. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या मोठ्या होतात, स्नायू काटकसर शिकतो आणि बऱ्याच जणांचे चालण्याचे अंतर चांगलेच वाढते. मात्र पायाला जखम असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

याच्या जोडीला कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, अस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि साखर व रक्तदाब यांवर ताबा. ही औषधे केवळ पायासाठी नसतात. पायाची रोहिणी बुजली म्हणजे हृदयाची आणि मेंदूची शाबूत असेल असे समजू नये. या रुग्णांना पायापेक्षा हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका अधिक असतो. चालताना दुखणारा पाय ही एका अर्थी हृदयाने पाठवलेली आगाऊ सूचना आहे.

एवढे करूनही दोनशे पावले चालता येत नाही, कामधंदा बंद पडला आहे, तर फुग्याचा विचार जरूर करावा. आणि रात्री झोपल्या जागी पाऊल ठणकते, जखम भरत नाही किंवा बोट काळे पडते, तर मग विचार करत बसू नये. तो पाय धोक्यात आहे. तेथे दिवस मोजायचे असतात, महिने नव्हे.

पोटातल्या व जांघेच्या वरच्या मोठ्या वाहिन्यांत फुग्याचा आणि जाळीचा परिणाम चांगला टिकतो. मांडीत त्यापेक्षा कमी आणि पोटरीत आणखी कमी. वर्षभरात वाट पुन्हा अरुंद होणे ही काही विरळा गोष्ट नाही. लांबलचक अडथळा असेल तर पायातीलच चांगली नीला वापरून बायपास करतात. दोहोंत श्रेष्ठ कोण, यावर तज्ज्ञांत वाद आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८३० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, ज्यांची नीला चांगली होती त्यांना बायपासचा फायदा अधिक दिसला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४५ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, गुडघ्याखालच्या वाहिन्यांसाठी आधी फुगा वापरलेले रुग्ण सरस ठरले. तात्पर्य, सर्वांना एकच माप लागू नाही. अडथळा कुठे आहे, नीला कशी आहे, रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया झेपेल का, हे पाहूनच ठरवावे लागते.

एक आजार मात्र वेगळा ओळखावा. पंचविशी ते पंचेचाळिशीतला, भरपूर बिडी ओढणारा पुरुष, त्याच्या पायाची, कधी हाताचीही बोटे काळी पडू लागतात. हा बर्जरचा आजार. १९०८ मध्ये लिओ बर्जर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. आम्ही शिकत असताना वॉर्डात असे रुग्ण हमखास असत. त्यात बारीक वाहिन्या बंद पडतात, त्यामुळे फुग्याला फारसा वाव नसतो. तंबाखू पूर्ण सुटली तर बहुतेकांचा पाय वाचतो. दिवसाला एक बिडी चालू राहिली तरी आजार पुढे सरकतो. अशा रुग्णासाठी बिडी कमी करणे याला काही अर्थ नाही, ती बंदच करावी लागते.

पाय कापण्याआधी

गावाकडून आलेल्या कितीतरी नातेवाइकांनी मला फोनवर विचारले आहे, ‘‘डॉक्टर पाय कापायचा म्हणतात, काय करू?’’ त्यांना मी सांगतो की एकच प्रश्न विचारा: रक्तवाहिन्यांची तपासणी झाली का? जखम रक्त न मिळाल्याने सडत असेल तर रक्त पोहोचवल्याशिवाय कापलेली जागाही भरत नाही. आज एक बोट, महिन्याने पाऊल, पुढे गुडघ्याखाली, असा तो प्रवास चालतो. आधी रक्त पोहोचवता आले तर कधी कधी बोटावरच निभावते. अर्थात, जखमेत पू होऊन विष अंगात भिनत असेल, ताप व ग्लानी असेल, तर जीव आधी, पाय नंतर. तेथे डॉक्टरांशी वाद घालू नये.

दुसरी तातडीची गोष्ट. पाय एकाएकी पांढराफटक, बर्फासारखा गार पडला, भयंकर दुखू लागला आणि बधिर झाला, तर ती रोहिणीत एकदम अडकलेली गुठळी असू शकते. तेथे साधारण सहा तासांचा हिशेब असतो. चोळत बसू नये, शेक देऊ नये, मोठे रुग्णालय गाठावे.

खर्चाचे म्हणाल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या आणि जे. जे. या सरकारी रुग्णालयांत अशा रुग्णांवर उपचार होतात. इतरत्र सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. योजनेत सहभागी रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपला उपचार त्यात बसतो का, हे त्याला पैसे भरण्याआधी विचारावे.

आबांचे पुढे काय झाले?

मांडीत फुगा घातल्यावर त्यांचे पाऊल ऊबदार झाले, करंगळी काढलेली जखम दोन महिन्यांत भरली. आबा खूश झाले आणि हळूच बिडीकडे वळले. ‘‘आता नळ साफ झालाय न्हवं,’’ असे त्यांचे म्हणणे. दहा महिन्यांनी गोळा परत आला. डॉप्लरमध्ये त्याच जागी वाट पुन्हा अरुंद झालेली दिसली.

या वेळी मी त्यांना स्पष्ट सांगितले, ‘‘आबा, फुगा पाइप मोकळा करतो. गंज थांबवत नाही. गंज तुमच्या खिशात आहे.’’ त्यांनी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी दवाखान्यात येऊन बिडीचे बंडल आणि काडेपेटी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. पुढे दोनदा ते घसरले, दोनदा सावरले. तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या वेळी पुन्हा फुगा न घालता औषधे आणि चालण्याचा व्यायाम चालू ठेवला. सकाळी मुलाबरोबर ते सपाट रस्त्याने चालू लागले. चार महिन्यांनी स्टेशनपर्यंत एकदा थांबून जाता येऊ लागले. आजही चढ लागला की गोळा येतो, पण रात्री ते पाय वर घेऊन झोपतात.

मी माझी सवय बदलली. साठीच्या पुढचा, तंबाखूवाला किंवा मधुमेही रुग्ण पाय दुखतो म्हणाला, की कितीही गर्दी असो, आधी चप्पल काढायला सांगतो.

हा लेख वाचून झाल्यावर तुम्हीही एक करा. घरात वडील, काका, आजी, जे कोणी मधुमेही किंवा बिडी-तंबाखूवाले असतील, त्यांना खाटेवर बसवा आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर हात ठेवा. एक पाऊल गार लागले, नाडी सापडली नाही किंवा बोटाच्या बेचक्यात एखादी जखम दिसली, तर पुढच्या सणापर्यंत, पेरणीपर्यंत, मुलगा मुंबईहून येईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.